तरणतलावातल्या ओझोनची चाचणी: कुठे, कधी आणि कोणत्या क्रमाने

ओझोनचं यंत्र चालू, पॅनेलवर हिरवा दिवा, काठावरून भांडंभर पाणी घेतलं, डीपीडीची (क्लोरीन-ओझोनसारख्या ऑक्सिडंटने गुलाबी होणाऱ्या रसायनाची) गोळी टाकली, छान गुलाबी रंग आला, म्हणजे ओझोन काम करतोय. तरणतलाव सांभाळणाऱ्यांकडून हा निष्कर्ष मी इतक्या वेळा ऐकला आहे की शेवटी सगळं क्रमाने लिहून काढायचं ठरवलं. तो गुलाबी रंग क्लोरीनचा असतो. ओझोनचं यंत्र महिनाभर बंद असलं तरी तो तसाच येईल.

याच्या उलटी चूक जास्त घातक. तलावाच्या पाण्यात ओझोन शून्य आला म्हणून यंत्र कमी पडतंय असं समजून डोस वाढवला जातो. पाण्यातून सुटलेला ओझोन मग पाण्याच्या पृष्ठभागाशी जमतो, म्हणजे पोहणारा जिथे श्वास घेतो नेमक्या त्याच थरात.

ओझोन जंतू मारण्याचं आपलं काम संपर्क टाकीत (ओझोन मिसळलेलं पाणी काही वेळ थांबतं त्या टाकीत) करतो आणि तिथेच संपायला हवा. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यातही साधारण वीसेक मिनिटांत तो निम्म्यावर येतो. घाम, त्वचेचे कण, क्रीम यांनी भरलेल्या कोमट पाण्यात त्याहून लवकर. उरलेला ओझोन कार्बन फिल्टर काढून घेतो. म्हणून व्यवस्थित चालणाऱ्या तलावात ओझोन जवळजवळ शून्यच दिसला पाहिजे, आणि तलावातल्या संरक्षणाची जबाबदारी क्लोरीनची. चाचणी करायची ती यंत्राच्या तोंडाशी, संपर्क टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात, कार्बन फिल्टरनंतर, आणि सगळ्यात शेवटी तलावात.

टप्पा १: आधी हवा, मग पाणी

पंपघरात पाऊल टाकण्याआधी हवेतला ओझोन तपासा. कामाच्या जागी ०.१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) ही सर्वसाधारणपणे पाळली जाणारी मर्यादा आहे. ५ पीपीएम म्हणजे जिवाला तत्काळ धोका. ओझोन हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खड्डे, केबलचे चर, टाकीमागचा कोपरा अशा खालच्या जागी तो साचतो. मीटर आधी जमिनीलगत धरा, मग नाकाच्या उंचीवर.

नाकावर भरवसा ठेवू नका. ओझोनचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो हे खरं, पण काही मिनिटांत नाक सरावतं. एका पंपघरात मी स्वतः "आता वास गेला" म्हणून आत वाकलो होतो. वास गेला नव्हता, मला यायचा थांबला होता. बाहेर आल्यावर तासभर छातीत आवळल्यासारखं होत होतं आणि खोकला थांबत नव्हता. तेव्हापासून मीटर हातात असल्याशिवाय मी आत जात नाही.

गळती शोधायला ओला केलेला पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा कागद सांध्यांजवळ धरतात. निळा झाला तर गळती आहे. मात्र क्लोरीननेही तो निळा होतो, म्हणून क्लोरीनच्या साठ्याजवळ हा कागद काहीच सिद्ध करत नाही.

*पुढे जाण्याआधी:* अभिसरणाचा मुख्य पंप बंद करून पाहा. ओझोनचं यंत्र आपोआप, लगेच बंद झालं पाहिजे. तसं झालं नाही तर आजची चाचणी इथेच थांबवा आणि आधी ती जोडणी दुरुस्त करून घ्या. पाणी वाहत नसताना ओझोन तयार होत राहिला तर तो टाकीत आणि खोलीत साठतो.

टप्पा २: साहित्याची तयारी

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत: फोटोमीटर (पाण्याच्या रंगाची गडदता मोजणारं यंत्र), डीपीडी क्रमांक ४ आणि ग्लायसिनच्या गोळ्या, शक्य असेल तर इंडिगोचा संच, थर्मामीटर, पीएच मीटर, स्टॉपवॉच आणि वही. वेळ खातात त्या नळ्या आणि काचेची भांडी.

साध्या रबराची नळी ओझोन खातो आणि रबरही ओझोन खातं. नळी तडकते आणि रीडिंगही कमी येतं. नमुन्यासाठी टेफ्लॉनची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी वापरा, शक्य तितकी आखूड. धुऊन ठेवलेल्या स्वच्छ काचेवरही साबणाचा किंवा बोटांचा अंश राहतो आणि तो ओझोन शोषून घेतो. म्हणून ज्या पाण्याची चाचणी करायची त्याच ओझोनयुक्त पाण्याने नळकांडी चार-पाच वेळा विसळून ते पाणी फेकून द्या.

गोळ्यांची मुदत पाहा. पाकीट फुगलेलं किंवा गोळी तपकिरी पडलेली असेल तर ती वापरू नका.

टप्पा ३: ओझोन बंद ठेवून पायाभूत नोंद

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण गाळतो, आणि नंतर मिळालेल्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. ओझोनचं यंत्र बंद करा, पाण्याचा प्रवाह आणि क्लोरीनचा डोस नेहमीसारखाच ठेवा. टाकीतलं जुनं पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत थांबा, म्हणजे टाकीच्या मुक्कामाच्या वेळेच्या निदान चारपट. मग टाकीच्या बाहेरच्या नळावर खालच्या गोष्टी नोंदवा: तापमान, पीएच, गढूळपणा, मुक्त आणि एकूण क्लोरीन (एकूण म्हणजे मुक्त अधिक घामा-लघवीतल्या नायट्रोजनशी जोडलं गेलेलं संयुक्त क्लोरीन), आणि पुढे टप्पा ५ मध्ये सांगितलेली ओझोनची पूर्ण चाचणी.

*पडताळणी:* यंत्र बंद असताना ओझोनचं उत्तर शून्य किंवा अगदी शून्याजवळ आलं पाहिजे. ०.१ किंवा ०.२ येत असेल तर तुमची पद्धत क्लोरीनलाच ओझोन म्हणून मोजतेय. ती चूक सापडेपर्यंत पुढच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नका.

टप्पा ४: यंत्रातून खरोखर किती ओझोन निघतो

यंत्रावर छापलेले ग्रॅम प्रति तास हे कोरड्या, थंड हवेवर मिळालेले असतात. कोरोना पद्धतीच्या (हवेतून उच्च दाबाची वीज सोडून ओझोन बनवणाऱ्या) यंत्राला अतिशय कोरडी हवा लागते, दवबिंदू उणे ६० अंशांच्या आसपास. ड्रायर थकला की उत्पादन झपाट्याने घसरतं, आणि ओलाव्यामुळे आत नायट्रिक आम्ल तयार होऊन यंत्रच खराब होतं. विजेचं मीटर मात्र तेव्हाही नेहमीइतकाच करंट दाखवतं. त्यामुळे पॅनेलच्या हिरव्या दिव्यावर उत्पादन ठरत नाही.

वायूची चाचणी आयोडाइड पद्धतीने होते आणि ती प्रशिक्षित माणसानेच करावी. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणाच्या दोन बाटल्या एकामागे एक जोडून त्यातून मोजून वायू सोडायचा. व्हेंचुरीने (पाण्याच्या वेगाने वायू ओढणाऱ्या अरुंद नळीने) ओढणाऱ्या यंत्रणेत गॅसची नळी निर्वात असते, म्हणून नमुना ओढायला छोटा पंप लागतो. हा पंप आणि वायूमापक बाटल्यांच्या नंतर जोडा, म्हणजे ओझोन त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. दुसरी बाटली पिवळी पडू लागली तर पहिलीतून ओझोन निसटतोय, वायूचा वेग कमी करा.

वायू सोडून झाल्यावर (आधी नाही) द्रावण आम्लयुक्त करा आणि ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करा. फिकट पिवळा रंग उरला की स्टार्च घाला, निळा रंग गेला की थांबा. १ मिलीलिटर थायोसल्फेट म्हणजे २.४ मिलिग्रॅम ओझोन.

उदाहरण घेऊ. २ लिटर वायूला २० मिलीलिटर थायोसल्फेट लागलं. ओझोन ४८ मिलिग्रॅम, म्हणजे घनमीटरला २४ ग्रॅम. वायूचा प्रवाह ताशी १.५ घनमीटर असेल तर उत्पादन ताशी ३६ ग्रॅम. तलावाच्या पाण्याचा प्रवाह ताशी ६० घनमीटर असेल तर डोस ३६ भागिले ६०, म्हणजे लिटरला ०.६ मिलिग्रॅम. हा आकडा वहीत ठळक लिहा, पुढे लागणार आहे.

टप्पा ५: संपर्क टाकीच्या बाहेरच्या तोंडाशी विरघळलेला ओझोन

सगळ्या चाचणीचा कणा हा टप्पा आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. चाचणीआधी यंत्र चालू करून निदान अर्धा तास स्थिर होऊ द्या. बॅकवॉशनंतर (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्यावर) लगेच किंवा तलावात गर्दी ओसरत असताना घेतलेलं एकच रीडिंग नेहमीच्या परिस्थितीचं समजू नका.

नमुना घेण्याची रीत:

१. नळ सोडून नळीतलं जुनं पाणी जाऊ द्या. नंतर धार बारीक, पण सलग ठेवा.

२. नळीचं टोक नळकांड्याच्या तळाशी टेकवा आणि पाणी खालून वर भरू द्या. उंचावरून धार सोडली की ओझोन हवेत जातो. सोड्याची बाटली हलवली की वायू कसा निघून जातो, तसंच.

३. नळकांडं भरून पाणी दोन-तीनदा वाहून जाऊ द्या. काचेच्या कडेला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसले तर नमुना फेका आणि प्रवाह आणखी मंद करा. बुडबुड्यांमुळे प्रकाश विखुरतो आणि फोटोमीटर फसतो.

४. तिथेच, नळापाशी, मिनिटभराच्या आत चाचणी सुरू करा. नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवला तर पोचेपर्यंत मोजायला काही उरत नाही. कितीतरी "ओझोन आढळला नाही" असे अहवाल निव्वळ या प्रवासामुळे आलेले असतात.

*ओझोन आणि क्लोरीन वेगळे करणे.* टाकीत येणाऱ्या पाण्यात तलावातून परतलेलं क्लोरीनही असतं. म्हणून एका रीडिंगने भागत नाही, दोन लागतात.

पहिलं रीडिंग: नळकांड्यात डीपीडी ४ ची गोळी नमुन्याच्या काही थेंबांत कुस्करून ठेवा, मग वर सांगितल्या रीतीने १० मिलीलिटरच्या खुणेपर्यंत भरा. गोळी आधी तयार असल्याने ओझोन निसटण्याआधीच तिच्याशी प्रक्रिया करतो. हा आकडा ओझोन अधिक एकूण क्लोरीन यांचा.

दुसरं रीडिंग: ताज्या १० मिलीलिटर नमुन्यात ग्लायसिनची गोळी कुस्करून विरघळवा. ग्लायसिन ओझोन नष्ट करतं, क्लोरीन मात्र मोजण्याजोगं राहतं. मग डीपीडी ४ टाका. हा आकडा फक्त एकूण क्लोरीनचा.

समजा पहिलं १.१५ आलं आणि दुसरं ०.७०. फरक ०.४५. पण फोटोमीटर हे सगळं क्लोरीनच्या हिशेबात दाखवतोय, म्हणून ०.६८ ने गुणा. ओझोन आला लिटरला ०.३१ मिलिग्रॅम, धरून चालू ०.३. ज्याने एकच रीडिंग घेतलं असतं त्याने १.१५ लिहून समाधान मानलं असतं, म्हणजे जवळजवळ चौपट.

*सावधान:* काही फोटोमीटरमध्ये ओझोनचा वेगळा प्रोग्रॅम असतो आणि ०.६८ चा गुणाकार तो स्वतःच करतो. पुन्हा गुणू नका. कोणता प्रोग्रॅम वापरला ते वहीत लिहा.

*आणखी एक:* गोळी टाकल्यावर क्षणभर गुलाबी छटा चमकून नाहीशी झाली तर त्याचा अर्थ "काही नाही" असा नाही. ऑक्सिडंट इतका जास्त असू शकतो की रंगच उडाला. नमुना शुद्ध पाण्याने पातळ करून पुन्हा पाहा.

इंडिगोची पद्धत मला स्वतःला जास्त आवडते. निळं द्रावण ओझोनने फिकं पडतं, जितका ओझोन जास्त तितका निळा कमी, आणि ही घट ६०० नॅनोमीटरला मोजतात. पण इथेही क्लोरीन हळूहळू निळा रंग खातं. त्यासाठी संचात मॅलोनिक आम्ल असतं, ते वगळू नका आणि रीडिंग रेंगाळत ठेवू नका. पाण्यात मँगनीज असेल तर इंडिगोचं उत्तर चढं येऊ शकतं. दोन्ही पद्धतींनी एकाच नळावर एकदा तरी मोजून उत्तरं जवळपास येतात का, ते बघा.

ओआरपी प्रोबबद्दल (पाण्याची ऑक्सिडीकरणाची क्षमता मोजणाऱ्या कांडीबद्दल) थोडक्यात: तो मिलिव्होल्ट दाखवतो, ओझोनचे मिलिग्रॅम दाखवत नाही. क्लोरीन, ओझोन, पीएच सगळ्यांचा एकत्र परिणाम त्यात येतो. कल पाहायला आणि धोक्याची घंटा म्हणून चांगला, ओझोनचं प्रमाण ठरवायला निरुपयोगी.

टप्पा ६: पाणी टाकीत खरंच किती वेळ थांबतं

निर्जंतुकीकरण ठरतं ते ओझोनचं प्रमाण गुणिले संपर्काचा वेळ यावर. याला सीटी म्हणतात (लिटरला मिलिग्रॅम गुणिले मिनिटं). प्रमाण मोजून झालं. वेळ मात्र लोक टाकीच्या आकारावरून काढतात: ४ घनमीटरची टाकी, ताशी ६० घनमीटर प्रवाह, म्हणजे ४ मिनिटं. वास्तवात पाण्याचा काही भाग आत शिरला की सरळ दाराकडे धावतो आणि काही भाग कोपऱ्यात फिरत राहतो. हिशेबात धरायची ती पहिलं १० टक्के पाणी बाहेर पडायला लागलेली वेळ.

ती मोजायला मीठ आणि वाहकता मीटर पुरतं. ओझोन बंद करा. टाकीच्या लगेच आधीच्या डोसिंगच्या तोंडातून मिठाचं पातळ द्रावण एकदम सोडा आणि स्टॉपवॉच चालू करा. बाहेरच्या नळावर दर १० सेकंदांनी वाहकता लिहा, ती मूळ आकड्यावर परत येईपर्यंत. प्रत्येक रीडिंगमधून मूळ आकडा वजा करा, वाढींची बेरीज करा, आणि त्या बेरजेचा दहावा हिस्सा कितव्या सेकंदाला पूर्ण होतो ते शोधा. मीठ पंपाच्या गाळणीत टाकू नका, वाळूच्या फिल्टरमधून जाताना ते पसरतं आणि वेळ खोटा वाढतो. दाट द्रावणही नको, जड असल्याने तळाशी बसतं.

आपल्या उदाहरणात समजा ही वेळ ९६ सेकंद निघाली, म्हणजे १.६ मिनिटं. कागदावरचा हिशेब होता ०.६ गुणिले ४, सीटी २.४. मोजलेला हिशेब ०.३ गुणिले १.६, म्हणजे ०.४८. पाचपट फरक, आणि यंत्रात बिघाड कुठेच नाही.

या आकड्याचा अर्थ काय? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या तक्त्यांत २५ अंशांना जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या परजीवीचे ९९.९ टक्के निष्क्रिय करायला ओझोनची सीटी ०.४८ लागते. म्हणजे इथे जेमतेम काम भागतं. क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) या तशाच पण जास्त चिवट परजीवीसाठी त्याच तापमानाला ९९ टक्क्यांना ४.९ लागते, म्हणजे दहापट. तरीही ओझोनची किंमत कमी होत नाही, कारण क्लोरीनला क्रिप्टोच्या ९९.९ टक्क्यांसाठी १५,३०० सीटी लागते, लिटरला १ मिलिग्रॅम असताना दहा दिवसांहून जास्त. पण "ओझोन आहे, आता क्रिप्टोची चिंता नाही" असं सांगण्याआधी आपल्या टाकीची मोजलेली सीटी हातात हवी. विष्ठेची घटना घडली तर ओझोन आहे म्हणून तलाव लगेच खुला करू नका.

पाणी थंड झालं की लागणारी सीटी वाढते. तापमान न लिहिलेला सीटीचा आकडा अर्धवट असतो.

टप्पा ७: कार्बन फिल्टरनंतर

आता नमुना कार्बन फिल्टरच्या बाहेरचा. पद्धत तीच, दोन रीडिंगची. जर्मनीच्या डीआयएन १९६४३ मानकात तलावात परतणाऱ्या पाण्यात ओझोनची कमाल मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. इतकं कमी प्रमाण फरकाच्या पद्धतीने मोजताना गोळीच्या रंगातला किंचित चढउतारही उत्तर बदलतो, म्हणून तीनदा मोजा आणि सरासरी घ्या.

कार्बन क्लोरीनही काढून घेतो. इथे क्लोरीन शून्य दिसलं तर घाबरायचं कारण नाही. क्लोरीनचा डोस कार्बननंतर पडतोय ना, एवढं बघा. आधी पडत असेल तर तुम्ही क्लोरीन विकत घेऊन कार्बनला खाऊ घालताय. क्लोरीन नसलेल्या कार्बनच्या थरात जिवाणूंचा थर जमतो, त्यामुळे त्याचा बॅकवॉश वेळेवर झालाच पाहिजे.

*सावधान:* टाकीच्या वर जमणारा न विरघळलेला ओझोन नष्ट करणारं विनाशक यंत्रही याच फेरीत तपासा, त्याच्या तोंडाशी हवेचं मीटर धरून. ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्राच्या दाट ओझोनसाठी कार्बनचा विनाशक वापरू नका, तो तापून पेट घेऊ शकतो. तिथे उष्णतेचा किंवा उत्प्रेरकाचा विनाशक लागतो.

टप्पा ८: तलाव, क्लोरीन आणि जिवाणू

ओझोन फक्त टाकीतून जाणाऱ्या पाण्यावर काम करतो. तलावाएवढं पाणी एकदा फिल्टरमधून फिरलं म्हणजे सगळं पाणी फिरलं असं होत नाही, कारण आलेलं पाणी जुन्यात मिसळत जातं. एका फेऱ्यात सुमारे ६३ टक्के, दोनमध्ये ८६, तीनमध्ये ९५, चारमध्ये ९८. म्हणून ओझोन सुरू करून दुसऱ्याच तासाला तलावाचा नमुना घेऊ नका. चार फेऱ्या होऊ द्या.

मग पाण्याखाली २० ते ३० सेंटीमीटरवरून, पाणी येण्याच्या तोंडांपासून दूर, नमुना घ्या. पीएच ७.२ ते ७.८, आणि संयुक्त क्लोरीन ०.२ च्या खाली असणं चांगलं. ओझोन असलेल्या तलावात मुक्त क्लोरीन ०.५ च्या आसपास ठेवून चालू शकतं, पण तुमच्याकडे लागू असलेला नियम जास्त सांगत असेल तर तोच पाळा.

संयुक्त क्लोरीन ओझोनने एका रात्रीत नाहीसं होईल ही अपेक्षा चुकीची आहे. मोनोक्लोरामाइन (संयुक्त क्लोरीनचा एक प्रकार) आणि घामा-लघवीतला युरिया यांच्याशी ओझोनची प्रक्रिया संथ असते. उलट मुक्त क्लोरीनचा काही भाग ओझोन खातो आणि त्यातून क्लोराइडबरोबर क्लोरेट तयार होतं. पोहण्याआधीची आंघोळ सक्तीची केली तर संयुक्त क्लोरीनवर ओझोनचा डोस वाढवण्यापेक्षा जास्त फरक दिसेल, असा माझा अनुभव आहे.

जिवाणूंच्या नमुन्याची बाटली निर्जंतुक आणि सोडियम थायोसल्फेट घातलेली हवी. ते नसेल तर क्लोरीन बाटलीतही जिवाणू मारत राहतं आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. बाटली आतून विसळू नका, थायोसल्फेट निघून जाईल. थंड पेटीतून त्याच दिवशी पोचवा. ई. कोलाय आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा १०० मिलीलिटरमध्ये आढळू नयेत, एकूण जिवाणू मिलीलिटरला २०० च्या आत हवेत. ओझोन बंद असतानाचा एक संच आणि चालू असतानाचा एक, दोन्ही साधारण सारख्या गर्दीच्या दिवशी घ्या. रिकाम्या तलावाचा नमुना काही सांगत नाही.

समुद्राचं पाणी असेल किंवा विहिरीच्या पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोनमुळे ब्रोमेट तयार होतं. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटना लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेते. अशा तलावात ब्रोमाइडची तपासणी यंत्र बसवण्याआधी करा.

टाकीच्या तोंडाशी आकडा कमी आला तर

डोस वाढवण्याचा नॉब सगळ्यात शेवटी. आधी नमुना पुन्हा घ्या, बुडबुड्यांशिवाय. मग टप्पा ४ चं उत्पादन बघा. ते कमी असेल तर ड्रायर आणि हवेचा फिल्टर तपासा. उत्पादन ठीक असेल तर व्हेंचुरी पुरेसा वायू ओढतेय का आणि विनाशकाकडे जाणाऱ्या वायूत नेहमीपेक्षा जास्त ओझोन आहे का ते पाहा. जास्त असेल तर ओझोन पाण्यात विरघळतच नाहीये. हेही ठीक असेल तर पाणीच ओझोन खातंय: गढूळपणा, पीएच आणि वाळूच्या फिल्टरचा शेवटचा बॅकवॉश कधी झाला ते तपासा. पीएच जितका चढा तितका ओझोन लवकर विघटतो, आणि ७.९ वरून ७.३ वर आणल्यावर टाकीच्या तोंडाशी आकडा वाढलेला मी पाहिला आहे, यंत्राला हातही न लावता. प्रत्येक बदलानंतर टप्पा ५ ची दोन्ही रीडिंग पुन्हा घ्या, एका वेळी एकच बदल करून.